समोरच्या इमारतीचं ऊन

समोरच्या रिकाम्या जागेवर इमारत होणार असं कळलं, त्या दिवसापासून सूनबाई म्हणत होती, "आपलं ऊन गेलं."

घरात तिचं कुणी मनावर घेतलं नाही. नवरा लिफ्ट बसवायचं आणि बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा, त्यामुळे इमारती उंच होण्यात त्याला वाईट काही दिसायचं नाही. सासरे खिडकीतून समोरचा खड्डा बघत म्हणाले, "अगं, अजून पाया खणतायत. इमारत वर यायच्या आधीच तू खाली बसलीस होय?"

सासऱ्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची. त्यांचं केस कापायचं दुकान याच घराच्या खाली, रस्त्याला लागून होतं. दुकानातून ते वरच्या खिडकीकडे तोंड करून "सूनबाई, चहा!" अशी हाक मारायचे, ती पार कोपऱ्यावर ऐकू जायची. तेव्हापासून ती सगळ्या गल्लीची सूनबाई झाली. तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा तिला सूनबाईच म्हणत. पुढे आबांचा हात थरथरायला लागला. एका गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला तेव्हा ते गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण आबांनी त्याच आठवड्यात दुकान बंद केलं. दुकानातली एक लाकडी घडीची खुर्ची तेवढी त्यांनी वर आणली.

सूनबाई कपडे घट्ट-सैल करून, उसवून, पुन्हा बेतून द्यायची. पँटची उंची कमी करणं, कोटाचं अस्तर बदलणं, अडकलेली चेन काढून नवी लावणं, असली कामं. मशीन खिडकीखाली होतं, कारण खिडकी पूर्वेला होती आणि सकाळचं ऊन सरळ मशीनच्या फळीवर यायचं. थंडीच्या दिवसांत तर ते खोलीत पार भिंतीपर्यंत जाऊन बसायचं. आबा आपली खुर्ची त्या उन्हात टाकायचे, पाठ उन्हाकडे करायचे आणि एक संत्रं सोलायला घ्यायचे. हात थरथरत असल्यामुळे सोलायला वेळ लागायचा. त्याचंही त्यांना काही वाटायचं नाही. "बघ, बाकीच्यांचं संत्रं दोन मिनिटांत संपतं," ते म्हणायचे.

सूनबाईचा स्वभाव उलटा होता. काय बिघडू शकतं ते ती आधी बघून ठेवायची. पाहुणे यायचे म्हटलं की तिला दूध नासताना दिसायचं. गावाला जायचं ठरलं की बस चुकताना दिसायची. अर्ध्या वेळा तिचं खरंही ठरायचं, म्हणून ती सवय सुटत नव्हती.

आणि उन्हाच्या बाबतीत तर तिचं अगदीच खरं ठरलं. इमारत एकेक मजला चढत गेली. आधी ऊन उशिरा यायला लागलं, मग थोडा वेळच थांबायला लागलं. बरोबर सिमेंटची धूळ. तिनं खिडकी बंद ठेवली, फटींना चिंध्या कोंबल्या, तरी एका सकाळी गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर राखाडी थर बसलेला दिसला. तो शर्ट हातात धरून ती तरातरा समोर गेली. तिथे डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेली एक तरुण मुलगी कामावर देखरेख करत होती.

"तुमची इमारत वर जाते आणि आमचं घर मातीत!" सूनबाई ओरडली. "हा शर्ट कोण धुणार? तुम्ही?"

"काकू, आम्ही जाळी लावलीय. पाणीही मारतो," ती मुलगी म्हणाली.

"जाळी लावलीय म्हणे! जाळीनं धूळ थांबते, तर मग पिठाच्या चाळणीतून पीठ कसं पडतं?"

हेल्मेटवालीनं एकदा वर जाळीकडे बघितलं. बाजूचे गवंडी तोंड फिरवून हसले. सूनबाई घरी आली, शर्ट पुन्हा धुतला, आणि त्या दिवसापासून ती मुलगी गल्लीत दिसली की रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायला लागली.

त्यातच एका रात्री जेवताना नवरा म्हणाला, "समोरच्या इमारतीतल्या लिफ्टचं काम आमच्याकडे आलंय."

सूनबाईचा घास हातातच राहिला. "म्हणजे ज्यांनी आपलं ऊन पळवलं, त्यांच्याकडे तुम्ही पाणी भरायला जाणार?"

"पाणी नाही गं. लिफ्ट."

आबांना ठसका लागला. तिनं दोघांकडेही बघितलं नाही.

थंडी आली तेव्हा इमारतीचा सांगाडा पूर्ण झाला होता आणि खिडकीत ऊन अजिबात येत नव्हतं. फरशी दिवसभर गार. सूनबाईनं मशीनवर दिवा लावला. पण दिव्याच्या पिवळ्या उजेडात काळा आणि गडद निळा दोरा सारखाच दिसतो. एका काळ्या कोटाची बाही तिनं निळ्या दोऱ्यानं शिवली. गिऱ्हाईक तो कोट परत घेऊन आलं. भांडलं नाही, उलट हसून म्हणालं, "सूनबाई, नवी फॅशन आहे का?" तिला ते भांडणापेक्षा जास्त लागलं. बाही उसवताना ती पुटपुटत होती, "सांगत होते, पहिल्या दिवसापासून सांगत होते."

आबांनी मात्र दोन दिवस गार खोलीत काढले आणि तिसऱ्या दिवशी घडीची खुर्ची काखेत मारून जिना उतरले.

ऊन कुठे सापडतं ते ते शोधायला लागले. सकाळी लवकर ऊन बसथांब्याच्या मागे असायचं. थोड्या वेळानं ते किल्लीवाल्याच्या दुकानापुढे यायचं आणि तिथे बराच वेळ रमायचं. आबाही त्याच्या मागे मागे खुर्ची घेऊन सरकायचे. किल्लीवाला त्यांच्या दुकानाचा जुना शेजारी. त्याला बोलायला माणूस हवं होतं आणि आबांना ऊन. दोघांचं जमलं. घरी आले की आबांचे गाल लाल असायचे आणि खिशात संत्र्याची सालं. गल्लीतली खबरबात घेऊन यायचे: कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाचा दात पडला, कुणाच्या मांजरीनं कुणाच्या कपाटात पिल्लं घातली.

सूनबाईला हे आवडत नव्हतं. वयस्कर माणूस रस्त्यावर खुर्ची टाकून बसतो, बघणाऱ्याला काय वाटेल? पण ती गप्प राहिली, टोपीचा प्रकार होईपर्यंत.

झालं असं की आबांना त्या दिवशी उन्हात फार सुख वाटलं. त्यांनी लोकरीची टोपी काढली, टकलाला ऊन लागू दिलं, टोपी उलटी करून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. स्वेटर जुना होता, कोपरावर विरलेला. कुणीतरी अनोळखी बाई बसमधून उतरली, आबांसमोर क्षणभर थांबली आणि टोपीत एक नाणं टाकून पुढे गेली.

नाण्याच्या आवाजानं आबांनी डोळे उघडले. मग जे हसू आलं ते आवरेना. किल्लीवाला बाहेर आला, त्याला सांगितलं, तोही हसला. आबांनी ते गल्लीभर सांगितलं. वर येऊन सूनबाईला सांगायला लागले तेव्हा हसण्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अगं, जन्मभर लोकांची डोकी भादरली तेव्हा कुणी वरकड पैसा दिला नाही, आणि आज स्वतःचं टक्कल दाखवलं तर..."

सूनबाई हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आबा, उद्यापासून तुम्ही खाली बसायचं नाही."

"अगं, गंमत झाली."

"तुमची गंमत होते, आमची लाज जाते. घरात मुलगा आहे, सून आहे, दोन वेळचं गरम अन्न आहे, आणि म्हातारा रस्त्यावर टोपी घेऊन बसलाय! लोक मला काय म्हणत असतील? तुमचं काय, तुम्हाला काहीच लागत नाही. घर पडलं तरी तुम्ही म्हणाल, वा, हवा छान येते!"

आबांनी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाले, "बरं. नाही बसत."

इतकं सरळ त्यांनी ऐकलं, याचंच तिला मागाहून नवल वाटलं. तिनं वादाची तयारी ठेवली होती.

त्यानंतर आबा घरातच राहिले. आधी एक-दोन दिवस ते खिडकीपाशी उभे राहून खाली बघायचे. मग तेही थांबलं. उशिरापर्यंत पांघरुणात पडून राहायला लागले. संत्री टोपलीत तशीच सुकायला लागली. "खा ना आबा," ती म्हणायची, तर म्हणायचे, "ठेव, मग खातो." किल्लीवाल्यानं खालून हाक मारली तर त्यांनी नुसता हात केला. नवऱ्याला तिनं विचारलं, "आबांना बरं नाहीये का?" तो म्हणाला, "थंडी आहे, पडले असतील." पण त्याच्याही कपाळावर आठी होती.

एका सकाळी ती चहा घेऊन आबांच्या पलंगापाशी गेली आणि तिच्या लक्षात आलं, आबांची दाढी वाढलीय. चार-पाच दिवसांची पांढरी खुंटं. जन्मभर जे दुसऱ्यांच्या दाढ्या करत आले, थरथरत्या हातानंसुद्धा जे रोज सकाळी आरशासमोर उभे राहायचे, त्यांची दाढी वाढलेली तिनं कधी बघितली नव्हती. नाही, एकदा बघितली होती. सासूबाई गेल्या तेव्हा.

ती पलंगाच्या कडेला बसली. "आबा, माझा राग आला का?"

"नाही गं."

"मग उठत का नाही?"

आबांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "तुला वाटतं ना, मी जन्मतःच असा आहे म्हणून? हसरा?"

"सगळ्यांनाच वाटतं."

"तुझी सासू गेली तेव्हा मी आठवड्यात दुकान उघडलं. आठवतं? तेव्हा तू माझ्याशी नीट बोलत नव्हतीस. तुला वाटलं असणार, म्हातारा दगड आहे."

तेव्हा तिला तसंच वाटलं होतं.

"दगडच झालो होतो. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार तिचा. मग वाटायचं, उठायचं कशाला? अंग उचलायचंच नाही. एक दिवस म्हटलं, असं नाही चालणार, स्वतःला काहीतरी लालूच दाखवायला पाहिजे. लहान पोराला दाखवतात तशी. थंडीचे दिवस होते. खिडकीत ऊन आलं होतं. म्हटलं, दुकान राहू दे, दिवसही राहू दे. फक्त खिडकीपर्यंत जाऊ. जरा ऊन खाऊ, मग पुन्हा येऊन पडू. गेलो. तिथे बसलो तर म्हटलं, एक संत्रं खाऊ. ते खाल्लं तर वाटलं, आता चहा पण प्यावा." ते किंचित हसले. "असं करत करत दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. थंडी संपली तेव्हा संध्याकाळचा वारा धरला. मग पावसात भिजलेल्या मातीचा वास. जे दिवस असतील त्यात जे मिळेल ते. माझा हा स्वभाव नाही, सूनबाई. आधार आहे. दाराची कडी असते तसा. धरून उठायचं."

सूनबाई म्हणाली, "लोकांचं बोलणं मला नाही ऐकवत हो."

"लोक बोललेच कुठे? त्यांनी तर पैसे दिले."

आणि मग मात्र तिला हसू आलं. हसता हसता रडू आलं. आबांनी थरथरत्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं आणि चहा तिच्या पदरावर सांडला.

त्या दिवशी ती मशीनवर बसली पण हात चालेना. खिडकीतून समोरची इमारत दिसत होती. खालचे मजले सावलीत, करडे. पण अगदी वर, कठड्याच्या कडेला, पिवळी धमक पट्टी होती. तिनं बराच वेळ तिकडे बघितलं. नवरा दुपारी जेवायला आला तशी म्हणाली, "अहो, त्या इमारतीच्या गच्चीवर ऊन असतं का?"

"गच्चीवर नसणार तर काय तळघरात असणार?"

"सरळ उत्तर द्या ना."

"असतं. सकाळपासून मावळेपर्यंत. का गं?"

"लिफ्ट चालू झाली का तुमची?"

"झाली. तपासणीही झाली." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं पोळीचा तुकडा खाली ठेवला. "मी नाही विचारणार हं. माझ्या कामाची जागा आहे ती. बाहेरच्या माणसाला वर न्यायचं तर त्या मॅडमची परवानगी लागते."

"कुठल्या मॅडम?"

"ज्यांना तू चाळणी आणि पीठ ऐकवलंस त्या."

सूनबाई संध्याकाळपर्यंत येरझाऱ्या घालत होती. जायचं तर कुठल्या तोंडानं? आधी तिनं ठरवलं, धुळीबद्दल पुन्हा तक्रार करायची आणि बोलता बोलता गच्चीचा विषय काढायचा. मग तिची तिलाच शरम वाटली. तिनं टोपलीतली चांगली संत्री निवडून पिशवीत घातली आणि समोर गेली.

हेल्मेटवाली सामान आत ठेवून घेत होती. सूनबाईला बघताच ती म्हणाली, "काकू, आज धूळ नाहीये. आज फक्त आतलं काम चाललंय."

"धुळीचं नाही गं," सूनबाई म्हणाली. "मागायला आलेय. तुमच्या इमारतीनं आमच्या घरातलं ऊन घेतलं. तुझा दोष नाही त्यात, तू नोकरी करतेस. पण आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, त्यांना ऊन लागतं. औषधासारखं लागतं. त्यांना घटकाभर गच्चीवर बसू देशील का?"

मुलगी गोंधळली. "बाहेरच्यांना नेता येत नाही काकू. नियम आहे. काही झालं तर माझ्यावर येईल."

"खरं आहे," सूनबाई म्हणाली. तिला ठाऊकच होतं की असं होणार. तिनं पिशवी पुढे केली. "ही घे. त्या दिवशी जरा जास्तच बोलले मी."

मुलीनं पिशवीत डोकावून बघितलं. "मी कामाला लागल्यापासून संत्रं खाल्लं नाही," ती म्हणाली, जणू ते तिचं तिलाच आत्ता कळलं. "जिथे राहते त्या खोलीला खिडकीच नाही. थंडी आलीय हे मला मजुरांच्या शेकोटीवरून कळतं." तिनं एक संत्रं हातात घेतलं. "रविवारी काम बंद असतं. मी माझ्या वरिष्ठांना विचारते. हो म्हणाले तर रविवारी सकाळी. पण हेल्मेट घालावं लागेल. आणि कठड्याजवळ जायचं नाही."

वरिष्ठ हो म्हणाले. पण त्यांनी बजावलं की लिफ्टवाला स्वतः बरोबर पाहिजे.

रविवारी चौघंजण लिफ्टमध्ये उभे राहिले. आबांनी दाढी केली होती. हनुवटीवर एक कापल्याची खूण होती, पण गाल गुळगुळीत होते. हेल्मेट डोक्यावर चढवून त्यांनी लिफ्टच्या आरशात बघितलं. "एवढी वर्षं उघडं होतं," ते म्हणाले, "शेवटी टकलाला कुणीतरी छप्पर घातलं." लिफ्ट वर जात होती तसा नवरा दाराच्या फटीकडे कान देऊन आवाज ऐकत होता. आबा त्याला म्हणाले, "छान चालते रे." त्याला बापानं कधी त्याच्या कामाबद्दल काही म्हटलेलं आठवत नव्हतं. तो नुसता "हं" म्हणाला आणि मजल्याचे आकडे बघत राहिला.

गच्चीचं दार उघडलं आणि सगळ्यांनी डोळे बारीक केले. इतकं ऊन होतं. वारा नव्हता. नव्या सिमेंटचा कोरडा वास, पाण्याच्या टाक्या, आणि वर सगळं मोकळं. आबांची खुर्ची टाकीच्या आडोशाला मांडली. ते बसले, पाठ उन्हाकडे केली आणि एक मोठा श्वास सोडला, घरी आल्यासारखा.

सूनबाईनं चपला काढल्या. तळव्यांना जमीन ऊबदार लागली. ती तशीच उभी राहिली. कितीतरी दिवसांत तिच्या पायांना गार फरशीशिवाय काही लागलं नव्हतं. ती ऊब घोट्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत चढत गेली. तिनं दोऱ्यांचा डबा बरोबर आणला होता. तो खाली ओतला आणि काळी रिळं एकीकडे, निळी एकीकडे करायला लागली. उन्हात दोन्ही रंग लख्ख वेगळे दिसत होते. हेल्मेटवाली तिच्याशेजारी मांडी घालून बसली आणि संत्रं सोलून एकेक फोड सगळ्यांना द्यायला लागली.

"ती बघा तुमची खिडकी," ती म्हणाली.

दूर खाली सावलीत एक लहानसा चौकोन होता. आत पिवळा दिवा जळत होता. सूनबाई घाईत विझवायला विसरली होती. वरून ती खिडकी केवढीशी दिसत होती. सूनबाईला त्या खिडकीमागे बसून रोज कुढणाऱ्या बाईची एकदम माया आली.

पण स्वभाव जातो कुठे? थोड्या वेळानं ती म्हणाली, "हे तरी किती दिवस? माणसं राहायला आली की गच्चीला कुलूप लागेल."

"लागेल की," आबा डोळे मिटूनच म्हणाले. "आज लागलंय का?"

"आज नाही."

"मग ती फोड दे इकडे."

थंडी संपेपर्यंत ते बहुतेक सगळ्या रविवारी वर गेले. एकदा ढग आले आणि नुसतंच गार वारं खाऊन परत यावं लागलं. त्याचीही आबांनी आठवडाभर चेष्टा केली. बाकीच्या दिवशी आबा पुन्हा किल्लीवाल्याच्या दुकानापुढे बसायला लागले. सूनबाईनं त्यांच्या स्वेटरच्या कोपरांना चामड्याची ठिगळं लावून दिली, इतकी नीट की लोक मुद्दाम केलीत का असं विचारायचे. "आता कुणी टोपीत काही टाकलं तर माझं नाव सांगू नका," तिनं बजावलं. कधी कधी हातशिलाईचं काम घेऊन ती स्वतःही तिथे पायरीवर जाऊन बसायची. दोन-चार गिऱ्हाइकं तिला तिथेच भेटली.

मग इमारतीत माणसं राहायला आली आणि तिनं म्हटल्याप्रमाणे गच्चीला कुलूप लागलं. हेल्मेटवालीची बदली दुसऱ्या कामावर झाली. जायच्या आधी ती भेटायला आली, सूनबाईनं तिच्या जाकिटाची तुटलेली चेन बदलून दिली आणि विचारलं, "नव्या खोलीला खिडकी आहे का?"

"मी पहिलं तेच विचारलं काकू," ती म्हणाली. "आहे. पश्चिमेला."

"मग संध्याकाळी चहा तिथेच घे."

हे तिच्या तोंडून गेलं आणि पलीकडे बसलेल्या आबांनी भुवई वर केली. तिनं त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

उन्हाळा चढला. दर वर्षी सकाळपासून मशीनची फळी इतकी तापायची की कापडाला हात लावला की घाम लागायचा, पडदा ओला करून टांगावा लागायचा. यंदा दुपारपर्यंत खिडकीत गडद, थंड सावली होती. समोरच्या इमारतीची. सूनबाई दोन-तीन दिवस त्या सावलीत बसून काम करत राहिली, मग एकदाची म्हणाली, "आबा, खुर्ची इथे आणा. इथे बरं वाटतंय."

आबांनी खुर्ची आणली. बसले. ओठ घट्ट मिटून घेतलेले.

"बोला," ती म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"बोलत नाही तेच ऐकू येतंय."

त्याच सुमाराला किल्लीवाल्यानं आबांना सांगितलं की मागच्या बोळात, बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीपलीकडे एक तुतीचं झाड आहे आणि ते यंदा वाकून बाहेर आलंय. पाखरं सगळं संपवायच्या आत जा. आबांनी वर येऊन हे सांगितलं तेव्हा सूनबाईच्या मशीनवर एका नवरीचा पांढरा झगा होता, सगळीकडून टाचण्या लावलेला. तो त्याच दिवशी द्यायचा असता तर ती उठली नसती. तो आठवड्याअखेर द्यायचा होता. तिनं झग्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं. मग झगा चादरीत गुंडाळून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं.

"अहो," तिनं आतल्या खोलीत झोपलेल्या नवऱ्याला हाक मारली, "उठा. शिडी घ्या."

"कुठली लिफ्ट बंद पडली?" तो दचकून उठला.

"तुती पिकलीय."

गिरणीच्या भिंतीवरून फांदी खरंच खाली आली होती. फळं इतकी पिकली होती की हात लागायच्या आधी गळत होती. नवरा शिडीवर चढला, आबा खाली छत्री उलटी धरून उभे राहिले. त्यांचा हात थरथरत असल्यानं छत्री हलायची आणि निम्म्या तुती बाहेर पडायच्या. ज्या बाहेर पडत त्या सूनबाई उचलून, फुंकर मारून तोंडात टाकत होती. काही गोड होत्या, काही आंबटगोड. एक इतकी गोड निघाली की ती "अगंबाई!" म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

घरी परतताना तिघांचेही हात, ओठ आणि नवऱ्याचा सदरा जांभळा झाला होता आणि आबांच्या छत्रीत मूठभर तुती उरल्या होत्या. दारात एक बाई वाट बघत उभी होती, हातात पांढरी पँट. "सूनबाई, एवढी उंची कमी करून हवी होती. आज मिळेल का?"

सूनबाईनं आपले दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले.

"परवा ये," ती म्हणाली. "तुतीचा रंग सुटेपर्यंत पांढरं शिवत नाही. आणि या थोड्या तुती घे, हात जरा पुढे कर. नाही, उजवा नको, डावा कर. उजव्यात पँट आहे."